एकोणतीस तत्त्वे, चार श्रेणी आणि तीन स्मरणपत्रे

आमच्या देशातील बँक पर्यवेक्षणाचे आंतरराष्ट्रीय मापदंडांनुसार मूल्यमापन होणार असल्याचे पत्र जानेवारीच्या अखेरीस माझ्या टेबलावर आले, तेव्हा त्याच्या समासात विभागप्रमुखांचा एवढाच शेरा होता : ‘समन्वय आपण पाहावा.’ बँकांची तपासणी करण्यात माझी बारा वर्षे गेली होती, परंतु तपासणी करणाऱ्यांचीच तपासणी कशी होते याची मला जवळजवळ काहीच कल्पना नव्हती. त्या दिवसापासून अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत सतरा महिने लागले. असेच पत्र ज्यांच्या टेबलावर उद्या येणार आहे, त्यांना पुढे काय वाढून ठेवले आहे याचा अंदाज यावा म्हणून हे लिहीत आहे. देशाचे आणि संस्थेचे नाव मी देणार नाही, आणि ज्या बँकेचा उल्लेख पुढे येतो तिचे तपशील ती ओळखू येणार नाही इतके बदललेले आहेत.

पहिला आठवडा मी केवळ मोजपट्टी समजून घेण्यात घालवला. ‘बासेल’ म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भांडवलाचे प्रमाण येते, म्हणजे जोखमीनुसार तोललेल्या मालमत्तेच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल किती टक्के आहे ते. आमच्या कार्यालयातही अनेकांची समजूत अशी होती की आमच्या बँकांचे भांडवल किमान ८ टक्क्यांच्या पुष्कळ वर आहे, तेव्हा आपण सुरक्षित आहोत. प्रत्यक्षात भांडवलाचे ते नियम वेगळे आणि ज्यांच्या आधारे आमचे मूल्यमापन होणार होते ती ‘प्रभावी बँक पर्यवेक्षणाची मूलभूत तत्त्वे’ वेगळी. ही तत्त्वे बँकेबरोबरच पर्यवेक्षकाकडेही बघतात : त्याला कायद्याने कोणते अधिकार आहेत, ते वापरण्याइतके स्वातंत्र्य आणि माणूसबळ त्याच्याजवळ आहे का, आणि तो ते खरोखर वापरतो का. एकूण २९ तत्त्वांपैकी पहिली १३ पर्यवेक्षकाचे अधिकार, जबाबदाऱ्या आणि कार्यपद्धती यांविषयी आहेत. उरलेली १६ बँकांनी पाळावयाच्या नियमांविषयी आहेत, आणि भांडवल पर्याप्तता हे त्यांतील केवळ एक, सोळावे तत्त्व आहे.

या तत्त्वांचे मूळ एका बुडालेल्या बँकेत आहे. जून १९७४ मध्ये जर्मनीतील कोलोन येथील हेरस्टाट बँकेचा परवाना रद्द झाला. जर्मनीतील दिवसाचे व्यवहार तोवर संपले होते आणि न्यूयॉर्कमध्ये त्या बँकेकडून डॉलर येण्याची वाट पाहणारे तसेच अडकून पडले. त्या वर्षाच्या अखेरीस दहा देशांच्या गटातील मध्यवर्ती बँकांच्या गव्हर्नरांनी बँक पर्यवेक्षणाचे मापदंड ठरवणारी बासेल समिती स्थापन केली. तिची मूलभूत तत्त्वे प्रथम १९९७ मध्ये आली, तेव्हा ती २५ होती. जागतिक वित्तीय संकटानंतर २०१२ मध्ये ती २९ झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सुधारण्यात आली. संख्या तीच राहिली, मात्र संकटातही कामकाज चालू ठेवण्याची बँकांची क्षमता, हवामानबदलाशी निगडित वित्तीय जोखीम, व्यवसायाचे प्रारूप टिकाऊ आहे की नाही याची तपासणी, असे विषय त्यांत ठळकपणे आले. आमचे मूल्यमापन या नव्या आवृत्तीनुसार होणार होते. ते आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांनी १९९९ मध्ये, आशियाई संकटानंतर, सुरू केलेल्या वित्तीय क्षेत्र मूल्यमापन कार्यक्रमाचा भाग असते. मोठ्या वित्तीय क्षेत्रांच्या देशांना हा कार्यक्रम २०१० पासून ठराविक काळाने बंधनकारक आहे. इतरांसाठी तो ऐच्छिक आहे आणि आम्ही तो स्वतःहून मागितला होता. ही गोष्ट नंतरच्या कठीण दिवसांत कोणालाही आठवेनाशी झाली.

फेब्रुवारी ते जुलै हे सहा महिने स्वमूल्यमापनाचे होते. प्रत्येक तत्त्वाखाली आवश्यक निकष असतात, काहींखाली अतिरिक्त निकषही असतात. प्रत्येक निकषापुढे आपला कायदा काय म्हणतो, नियम काय सांगतात आणि प्रत्यक्षात काय केले जाते, हे लिहायचे असते. अतिरिक्त निकषांवरही आपली श्रेणी ठरावी असे देशाला वाटत असेल, तर तसे सुरुवातीलाच सांगावे लागते. आम्ही आवश्यक निकषांवरच थांबलो आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही. काम सात गटांत वाटले. येथे पहिली चूक झाली. प्रत्येक गटाने आपापल्या तत्त्वाची बाजू वकिलासारखी मांडली. कायद्याच्या कलमांची लांबलचक यादी, परिपत्रकांचे क्रमांक, आणि ‘प्रत्यक्षात काय केले जाते’ या तिसऱ्या रकान्यात एक गोल वाक्य : ‘तपासणीच्या वेळी याची पडताळणी केली जाते.’ अकराव्या तत्त्वावरचे, म्हणजे सुधारणात्मक आणि दंडात्मक अधिकारांवरचे टिपण मी स्वतः लिहिले होते. त्यात चौदा कलमे उद्धृत केली आणि शेवटी ‘अनुरूप’ असे लिहून मोकळी झाले.

श्रेणी चारच आहेत : अनुरूप, बहुतांशी अनुरूप, लक्षणीय विसंगत आणि विसंगत. ज्या तत्त्वाचा त्या देशाच्या परिस्थितीशी संबंधच येत नाही, त्यापुढे ‘लागू नाही’ असे लिहिता येते. गुणांची बेरीज होत नाही, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असे काही नसते आणि देशांची क्रमवारीही लावली जात नाही. हे मी वरिष्ठांना किमान पाच वेळा समजावून सांगितले, तरी प्रत्येक बैठकीत ‘शेजारच्या देशांना किती मिळाले?’ हा प्रश्न आलाच.

या टप्प्यावर जे आधी कळायला हवे होते असे वाटते, त्यातील पहिली गोष्ट भाषांतराची. मूल्यमापक आमची भाषा वाचत नव्हते. कायदे, नियमावल्या आणि परिपत्रके मिळून सुमारे १,९०० पाने इंग्रजीत करून घ्यावी लागली आणि त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदच नव्हती. अखेर प्रशिक्षणाच्या निधीतून पैसे वळवावे लागले आणि नव्या तपासनिसांच्या दोन तुकड्यांचे प्रशिक्षण रद्द झाले. पत्र आल्याच्या आठवड्यातच भाषांतराची मंजुरी मागावी, आणि कायद्यांपेक्षा परिपत्रकांना प्राधान्य द्यावे, असे मी आता सांगेन. कायद्यांची भाषांतरे बहुधा कोठे ना कोठे असतात, परिपत्रकांची नसतात. दुसरी गोष्ट तारखेची. श्रेणी मूल्यमापनाच्या दिवशी अस्तित्वात असलेल्या कायद्यावर आणि प्रथेवर ठरते. आमच्या बँकिंग कायद्याचा दुरुस्तीचा मसुदा विधिमंडळापुढे होता आणि आमच्यापैकी निम्म्या लोकांनी स्वमूल्यमापन त्या मसुद्याच्या भरवशावर लिहिले होते. प्रलंबित सुधारणांची नोंद अहवालात घेतली जाते, त्यांच्यामुळे श्रेणी मात्र वाढत नाही. जुलैत ते सगळे पुन्हा लिहिले.

तत्त्वांच्या आधीच्या पूर्वअटींवर, म्हणजे देशाची आर्थिक धोरणे, न्यायव्यवस्था, ठेवींचे संरक्षण, संकट व्यवस्थापन यांवर, केवळ वर्णन लागते. त्यांना श्रेणी नसते. तेथे फार वेळ घालवू नये.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी दोन मूल्यमापक आले. दोघेही आयुष्यभर पर्यवेक्षण केलेले. एक बाई पूर्वी आमच्यासारख्याच तपासनीस होत्या आणि दुसरे गृहस्थ नियम तयार करण्याच्या कामातले. मुक्काम अडीच आठवड्यांचा होता. सकाळी दोन बैठका, दुपारी एक, आणि सायंकाळी दुसऱ्या दिवशीच्या कागदपत्रांची यादी, असा क्रम होता. माझी पहिल्या दोन दिवसांची भीती वायफळ ठरली. प्रश्न अडवणारे नव्हते. ‘मला ठाऊक नाही, सायंकाळपर्यंत सांगते’ या उत्तराने कोणाचेही मत वाईट झाले नाही. उलट ज्या सहकाऱ्यांनी ठाऊक नसताना ठोकून उत्तरे दिली, त्यांच्या विषयावर पुढचे चार प्रश्न आले.

दुसरे तत्त्व स्वातंत्र्याचे आहे आणि ते आमच्याकडे गाजले. पर्यवेक्षण संस्थेच्या प्रमुखाची नेमणूक किमान ठरावीक मुदतीसाठी असावी, त्याला कायद्यात नमूद केलेल्या कारणांवरूनच दूर करता यावे आणि ती कारणे जाहीर व्हावीत, असे ते तत्त्व सांगते. आमच्या कायद्यात ‘सार्वजनिक हिताच्या दृष्टीने’ एवढेच शब्द आहेत. आमच्या कायदा विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तासभर युक्तिवाद केला की असे कधीही घडलेले नाही. त्यावर मूल्यमापक गृहस्थ शांतपणे म्हणाले की घडलेले नाही ही चांगलीच गोष्ट आहे, पण घडू नये याची व्यवस्था कोणत्या कलमात आहे ते दाखवावे. त्याच तत्त्वात सद्भावनेने केलेल्या कामासाठी अधिकाऱ्यांना दाव्यांपासून संरक्षण असावे आणि असा दावा लढवण्याचा खर्च त्यांच्यावर पडू नये, असेही आहे. आमच्याकडे संरक्षण आहे, खर्चाबद्दल कायदा गप्प आहे. बारा वर्षे तपासण्या करूनही हे मला त्या दिवशी प्रथम कळले आणि थोडे अस्वस्थ वाटले. मोठ्या कर्जदाराविरुद्ध शेरा लिहिताना हात का आखडतो, याचे एक कारण समोर आले होते.

एकत्रित पर्यवेक्षणाचे बारावे तत्त्व आणि दोन देशांच्या पर्यवेक्षकांमधील संबंधांचे तेरावे, या दोहोंच्या मागे बीसीसीआयची, म्हणजे ‘बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल’ची सावली आहे. लक्झेंबर्ग आणि केमन बेटांवर नोंदणी, मुख्य कारभार लंडनहून, आणि संपूर्ण गट कोणा एकाच्याच नजरेखाली नाही. जुलै १९९१ मध्ये ती बँक बंद करावी लागली. आमच्याकडे बँकांच्या गटांत विमा आणि गुंतवणूक कंपन्या आहेत. त्यांचे आकडे आम्ही मागवतो, पण गट म्हणून जोखीम मोजत नाही. हे आम्हीच स्वमूल्यमापनात लिहिले होते आणि त्यामुळे ती बैठक पाऊण तासात संपली. प्रामाणिकपणे लिहिण्याचा असा रोकडा फायदा होतो.

चौथ्या दिवशी मूल्यमापकांनी गेल्या तीन वर्षांच्या तपासण्यांची यादी मागितली आणि तिच्यातून आठ फाईली स्वतः निवडल्या. गोपनीय कागद दाखवण्याची व्यवस्था, कोणती खोली, कोण सोबत बसणार, प्रती काढू द्यायच्या की नाही, हे आधी ठरवून ठेवलेले बरे. आम्ही त्यात एक संपूर्ण दिवस घालवला. आठपैकी एक फाईल माझी होती.

ती एका मध्यम आकाराच्या बँकेची. संचालकाच्या मेहुण्याच्या तीन कंपन्यांना दिलेली कर्जे बँकेने संबंधित पक्षांची कर्जे म्हणून दाखवली नव्हती. विसाव्या तत्त्वाचा हा नेमका गाभा आहे : अशी कर्जे इतरांपेक्षा सवलतीच्या अटींवर दिली जाऊ नयेत, आणि ज्याचा हितसंबंध आहे त्याने मंजुरीच्या प्रक्रियेत बसू नये. हे मी शोधून काढले होते आणि त्या वेळी मला त्याचा अभिमानही वाटला होता. त्यानंतर फाईलवर तीन स्मरणपत्रे होती आणि प्रत्येकाला बँकेचे एकाच साच्याचे उत्तर होते : ‘सदर बाब संचालक मंडळाच्या विचाराधीन आहे.’

बाईंनी विचारले, “तिसऱ्या स्मरणपत्रानंतर काय झाले?”

मी म्हणाले, “त्या बँकेची पुढील तपासणी लागली.”

“तिच्यात हा मुद्दा आहे?”

“आहे.”

त्यांनी दोन्ही अहवाल शेजारीशेजारी ठेवले. दुसऱ्या अहवालातील परिच्छेद पहिल्यातल्या परिच्छेदाची नक्कल होता. केवळ तारीख बदललेली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि पुढची फाईल उघडली. माझ्या स्वमूल्यमापनातील चौदा कलमे मला आठवली. दंड करता येतो, नवी कर्जे थांबवता येतात, संचालकाला दूर करता येते. हे सगळे अधिकार आमच्याजवळ होते आणि या फाईलमध्ये त्यांपैकी एकही वापरलेला नव्हता.

त्या रात्री झोप लागली नाही. असे का झाले, याचा विचार मी पुढचे कित्येक दिवस करत होते. कोणाचा दबाव आला नव्हता. बँकेचे भांडवल पुरेसे होते, थकबाकी वाढलेली नव्हती, आणि त्यामुळे हा प्रश्न तातडीचा आहे असे कोणालाच वाटले नाही. स्मरणपत्र पाठवले की आपण काहीतरी केले असे समाधान मिळते. दुसऱ्यानंतर तिसरे पाठवायचे की कारवाई करायची, हे ठरवणारा कोणताही लेखी नियम आमच्याकडे नव्हता. मला वाटले वरिष्ठ ठरवतील, वरिष्ठांना वाटले की मी प्रस्ताव ठेवीन. पर्यवेक्षकाने त्रुटी लहान असतानाच वेळेवर पाऊल उचलावे, हे अकरावे तत्त्व स्पष्ट सांगते. बँक सुदृढ असताना कारवाई करणे अवघड वाटते, आणि ती डबघाईला आल्यावर त्या कारवाईचा उपयोग फारसा उरत नाही.

म्हणून माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला हा आहे की स्वमूल्यमापन लिहिण्याआधी डोळे मिटून दहा फाईली निवडाव्यात आणि त्या दुसऱ्या विभागातील सहकाऱ्याला वाचायला द्याव्यात. त्रुटी सापडल्याच्या तारखेपासून ती दूर झाल्याच्या तारखेपर्यंत किती दिवस गेले, एवढेच त्याने मोजावे. आम्ही हे नंतर केले. आधी केले असते तर माझ्या टिपणातील ‘अनुरूप’ हा शब्द मी स्वतःच खोडला असता.

मूल्यमापक बँकांच्या प्रतिनिधींना, लेखापरीक्षकांना आणि बँकांच्या संघटनेलाही भेटतात आणि त्या भेटींना आपण उपस्थित राहायचे नसते. आम्ही वेळा ठरवून दिल्या आणि बाहेर थांबलो. कामकाजाच्या सातत्याबद्दलच्या पंचविसाव्या तत्त्वात आमचा नियम कोराकरकरीत होता. तो एकाही बँकेत तपासून पाहिलेला नव्हता, आणि हे बहुधा बँकांनीच त्यांना सांगितले असावे. नियम आहे एवढ्यावर तेथेही भागले नाही.

शेवटच्या शुक्रवारी समारोपाची बैठक झाली. श्रेणी तोंडी सांगितल्या गेल्या, त्याही ‘प्राथमिक’ असे बजावून. कोणत्या तत्त्वाला काय मिळाले याची संपूर्ण यादी मी देत नाही, कारण त्यावरून देश ओळखता येईल. अकराव्या तत्त्वाला ‘लक्षणीय विसंगत’ मिळाले, एवढे सांगते. खोलीत शांतता पसरली. विभागप्रमुख माझ्याकडे पाहतील असे वाटले होते, पण ते स्वतःच्या वहीकडे पाहत राहिले.

मसुदा सात आठवड्यांनी आला आणि अभिप्रायासाठी तीन आठवडे मिळाले. आमच्या अभिप्रायाचा पहिला खर्डा साठ पानांचा झाला आणि तो बव्हंशी गाऱ्हाण्यांचा होता. विभागप्रमुखांनी तो परत पाठवला आणि सांगितले की श्रेणीशी भांडू नका, वस्तुस्थिती चुकली असेल तेथेच लिहा. अकरा पाने उरली. त्यांतील तीन दुरुस्त्या मान्य झाल्या आणि एका तत्त्वाची श्रेणी एका पायरीने वाढली, कारण मोठ्या कर्जांच्या मर्यादेवरील एक परिपत्रक आम्ही भाषांतरितच केले नव्हते आणि त्यामुळे ते मूल्यमापकांपर्यंत पोहोचलेच नव्हते. अहवालाला देशाचे अधिकृत उत्तर जोडता येते. ते दोन पानांचे उत्तर लिहिताना ‘काही अंशी सहमत’ आणि ‘सर्वसाधारणपणे सहमत’ यांतील फरकावर तीन बैठका झाल्या. मला त्या वेळी हसू येत होते, पण थकवा त्याहून अधिक होता.

माझ्या नोंदीप्रमाणे या सगळ्यात आमच्या विभागाचे सुमारे ६४० मनुष्यदिवस खर्ची पडले आणि चार नियोजित तपासण्या पुढे ढकलाव्या लागल्या. पर्यवेक्षणाच्या मूल्यमापनासाठी पर्यवेक्षण थांबावे यातील विसंगती कोणाच्याही नजरेतून सुटली नाही. शक्य असेल तर तयारीचे मनुष्यबळ वर्षाच्या तपासणी आराखड्यातच वेगळे काढून ठेवावे.

अहवाल जूनमध्ये, देशाच्या संमतीने, प्रसिद्ध झाला. त्या दिवशी दोन पत्रकारांचे फोन आले. दोघांनीही एकूण गुण विचारले, आणि एकूण गुण नसतात हे कळल्यावर दोघांचाही उत्साह मावळला. त्याच महिन्यात एक अंतर्गत आदेश निघाला : दुसऱ्या स्मरणपत्राची मुदत संपली की फाईल आपोआप कारवाई समितीकडे जाईल, आणि ती रोखायची असेल तर रोखणाऱ्याने कारण लिहून सही करायची. मसुदा मी तयार केला होता, त्यातील ‘आपोआप’ हा शब्द विभागप्रमुखांनी स्वतः घातला.

माझी ती फाईल समितीकडे जाणाऱ्या पहिल्या गठ्ठ्यात होती. बँकेला चौथे पत्र गेले, त्यावर ‘स्मरणपत्र’ हा शब्द नव्हता. विषयाच्या ओळीत कलमाचा क्रमांक होता आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत होती. चौदाव्या दिवशी उत्तर आले. सोबत त्या तीन कंपन्यांच्या कर्जखात्यांचे उतारे होते आणि ते तपासण्याचे काम सध्या माझ्याकडेच आहे.